फांदी कुजकी, नाव कावळ्याचे

नवे ग्राफिक्स कार्ड बसवले, संगणक सुरू झाला, ड्रायव्हर बसला, डेस्कटॉप झकास दिसू लागला. मग गेम लावला किंवा लग्नाचा व्हिडिओ रेंडरला टाकला, आणि दहा-पंधरा मिनिटांत स्क्रीन काळी पडली, कार्डाचे पंखे एकाएकी किंचाळू लागले, नाहीतर अख्खे मशीनच खटकन बंद होऊन पुन्हा सुरू झाले. जुने कार्ड परत लावले की सगळे सुरळीत. एवढा पुरावा हाती आला की निकाल ठरलेलाच असतो: कार्ड खराब निघाले. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली असे आपण म्हणतो, ते कावळ्याला निर्दोष सोडण्यासाठी. इथे मात्र योगायोग नाही. फांदी कावळ्याच्या वजनानेच तुटली. पण ती आतून कुजलेली होती, आणि कावळा हाकलून फांदी सांधत नाही. कार्ड बदलल्यावर संगणक बंद पडू लागला तर पहिला संशय वीज पुरवणाऱ्या डब्यावर, म्हणजे एसएमपीएसवर घ्यायला हवा, आणि तो कार्ड विकणाऱ्याने विक्रीच्या आधीच घ्यायला हवा, असे माझे म्हणणे आहे.

आधी कावळ्याचे वजन पाहू. मदरबोर्डवरच्या ज्या स्लॉटमध्ये कार्ड बसते, तिथून त्याला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. २०१६ साली आलेले एनव्हिडियाचे जीटीएक्स १०५० टीआय मुळात तेवढ्यावरच भागवणारे होते, म्हणून त्याची बरीच मॉडेल वेगळी वायर न लावता साध्या ऑफिसच्या मशीनमध्येही चालून जात. २०२० चे आरटीएक्स ३०८० ३२० वॅट मागते. २०२१ चे ३०६० हे मध्यमवर्गीय कार्ड, तेही १७० मागते. २०२२ च्या ४०९० ला ४५० लागतात आणि २०२५ च्या ५०९० ला ५७५. स्लॉटच्या ७५ वॅटपलीकडची ही सगळी वीज एसएमपीएसमधून थेट वायरने येते. सहा पिनांच्या जोडणीतून ७५, आठ पिनांच्या जोडणीतून १५० वॅटपर्यंत. आणि हा एसएमपीएस आला कुठून? पुष्कळदा कॅबिनेटबरोबर फुकट. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला असो की पुण्याच्या तपकीर गल्लीत, मशीन असेंबल करून घेताना प्रोसेसर, रॅम आणि कार्ड यांवर तासभर घासाघीस चालते. एसएमपीएसच्या वाट्याला एकच वाक्य येते: 'साडेचारशे वॅटचा आहे साहेब, आरामात चालेल.'

या साडेचारशेचा हिशेब डब्याच्या लेबलावरच छापलेला असतो, फक्त तो कोणी वाचत नाही. एसएमपीएस ३.३, ५ आणि १२ व्होल्ट असे वेगवेगळे पुरवठे करतो. आजचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोन खादाड पाहुणे जवळजवळ सगळे जेवण १२ व्होल्टच्या पंगतीत उरकतात. समजा, लेबलावर १२ व्होल्टसमोर १८ अँपिअर छापले आहेत. बारा गुणिले अठरा, म्हणजे २१६ वॅट. साडेचारशेतले बाकीचे वॅट ज्या पंगतीत वाढून ठेवले आहेत, तिथे हल्ली फारसे कोणी बसत नाही. आता १७० वॅटचे कार्ड आणि ६५ वॅटचा प्रोसेसर एकत्र धरा: २३५. (प्रोसेसर जोरात असताना ६५ वर थांबतही नाही, पण ते सोडून देऊ.) ४५० शेजारी ठेवला तर हा आकडा किरकोळ दिसतो. २१६ शेजारी ठेवला की मशीन दहाव्या मिनिटाला का बसले ते कळते. जुने कार्ड लावल्यावर सगळे ठीक चालते, त्यातून एवढेच सिद्ध होते की जुने कार्ड कमी जेवत होते.

त्यातही कार्डाच्या नावापुढे लागणारे वॅट ही सरासरी असते. गेममधले दृश्य बदलले, स्फोट झाला, सावल्या पडल्या, की काही मायक्रोसेकंदांपुरती मागणी सरासरीच्या दुप्पट किंवा त्याहूनही वर उसळते. भिंतीच्या सॉकेटमध्ये लावलेल्या साध्या वॉटमीटरला ही उसळी दिसत नाही. एसएमपीएसमधल्या संरक्षक सर्किटला दिसते, आणि ते इमानेइतबारे पुरवठा तोडून मोकळे होते. आपण त्याला क्रॅश म्हणतो. खरे तर एसएमपीएसने स्वतःला वाचवलेले असते. म्हणूनच चांगल्या कंपनीचे, कागदावर पुरेसे वॅट असलेले काही जुने एसएमपीएसही नव्या कार्डांसमोर असे अडखळतात. २०२२ मध्ये एटीएक्स ३.० हे नवे मानक आले, त्यात मोठ्या कार्डांसाठीच्या एसएमपीएसने जाहीर क्षमतेच्या दुप्पट भार १०० मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहा हजारावा भाग, न अडखळता पेलावा अशी अट घालावी लागली. दोष फक्त कार्डांचा असता, तर एसएमपीएसचे नियम बदलायचे कारणच पडले नसते.

आपल्याकडे याला आणखी दोन जोड मिळतात. पहिली यूपीएसची. घरोघरी टेबलाखाली जो ६०० व्हीएचा यूपीएस असतो, तो साधारण ३६० वॅटच पेलतो. व्हीए आणि वॅट हे एकच, असे धरून तो घेतलेला असतो. त्यावर ३२० वॅटचे कार्ड, प्रोसेसर आणि मॉनिटर लादले की गेम ऐन रंगात आला असताना यूपीएस हात वर करतो, आणि शिव्या पुन्हा कार्डाला. वीज गेली की यूपीएस बॅटरीवर यायला काही मिलिसेकंद घेतो. तेवढा वेळ एसएमपीएसने आपल्या कपॅसिटरांमधल्या साठ्यावर तग धरायची असते. मानकानुसार हा अवधी साधारण १६-१७ मिलिसेकंदांचा. कपॅसिटरमध्ये काटकसर केलेला डबा हलक्या भारावर हे निभावून नेतो आणि जड भारावर कोलमडतो. म्हणून जुन्या कार्डावर वीज गेली तरी चालू राहणारे मशीन नव्या कार्डावर दिवे नुसते लुकलुकले तरी रीस्टार्ट होते. दुसरी जोड उन्हाची. एसएमपीएसच्या खोक्यावरचा '८० प्लस'चा शिक्का लोक दर्जाचा शिक्का समजतात. तो फक्त वीज किती वाया जाते याबद्दल आहे, आणि त्याची चाचणी २३ अंश सेल्सिअसला होते. अकोल्यात किंवा चंद्रपुरात मे महिन्यात २३ अंश मध्यरात्रीही दिसत नाहीत. भिंतीला टेकवलेल्या कॅबिनेटमध्ये, कार्डाने ओकलेली गरम हवा घेत तोच डबा दुपारी तीन वाजता काम करत असतो.

यावर जाणकारांचा पहिला आक्षेप असा येईल की क्रॅशचे कारण ड्रायव्हरही असू शकते, आणि ते खरे आहे. एका कंपनीचे कार्ड काढून दुसऱ्या कंपनीचे लावले आणि जुन्या ड्रायव्हरचे अवशेष मागे राहिले, तर गोंधळ होतो. सेफ मोडमध्ये जाऊन 'डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर' या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमने सगळे पुसून नवा ड्रायव्हर टाकणे हे अर्ध्या तासाचे काम आहे, ते आधी करून घ्यावे. पण ड्रायव्हरमुळे आणि विजेमुळे येणाऱ्या मरणांची लक्षणे वेगळी असतात, एवढेच मला सांगायचे आहे. विंडोज व्हिस्टापासून अशी व्यवस्था आहे की कार्डाने दोन सेकंद उत्तर दिले नाही, तर विंडोज ड्रायव्हर पुन्हा सुरू करून बघते. स्क्रीन क्षणभर काळी होते, परत येते, आणि इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत ४१०१ क्रमांकाची नोंद पडते. ते जमले नाही तर निळी स्क्रीन येते, तिच्यावर बिघाडाचे नाव लिहिलेले असते. वीजच तुटली तर यातले काही घडायला वेळच मिळत नाही. मागे राहते ती फक्त 'कर्नल पॉवर ४१' ही नोंद, आणि तिच्या तपशिलात बगचेक कोडसमोर, म्हणजे निळ्या स्क्रीनच्या क्रमांकासमोर, शून्य. ही ४१ ची नोंद म्हणजेच रोग, असे समजून कित्येक जण तिच्यावर औषध शोधत बसतात. तिचा अर्थ एवढाच, की मशीन रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाले; मृत्यूच्या दाखल्यावर 'हृदय बंद पडले' असे लिहावे तसे. बटण दाबून धरून मशीन बंद केले तरी हीच नोंद पडते. म्हणून ती एकटी पुरावा ठरत नाही, पण ड्रायव्हरची एकही तक्रार नोंदलेली नसताना ती पुन्हा पुन्हा आली तर तिचे बोट विजेकडेच असते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कार्डे खरेच सदोष निघतात, हे जगजाहीर आहे. सप्टेंबर २०२० मध्ये आरटीएक्स ३०८० बाजारात आले आणि काही दिवसांतच जगभरातून तक्रारी येऊ लागल्या. कार्डाचा वेग दोन गिगाहर्ट्झच्या आसपास गेला की गेम बंद पडत होते. संशय कपॅसिटरांवर गेला आणि लोकांनी कार्डाच्या पाठीवरचे कपॅसिटर मोजायला सुरुवात केली. ईव्हीजीए या कंपनीने तर आपल्या चाचण्यांत एका प्रकारचे सहा कपॅसिटर असलेली रचना टिकली नाही, म्हणून ती बदलली, असे जाहीरच केले. हा पुरावा कार्डाच्या विरोधात जातो, यात शंका नाही. पण पुढे काय झाले तेही पाहायला हवे. २८ सप्टेंबरला एनव्हिडियाने ४५६.५५ हा ड्रायव्हर आणला आणि तीच कार्डे, त्याच कपॅसिटरांसह, पुष्कळांकडे शांतपणे चालू लागली. ज्यांनी पहिल्याच आठवड्यात कपॅसिटर मोजून कार्ड परत केले, त्यांनी कारण सापडण्याआधीच आरोपीला शिक्षा सुनावली होती. पुढच्या वर्षी 'न्यू वर्ल्ड' या गेमच्या चाचणी आवृत्तीत काही ३०९० कार्डे कायमची मेली, तेव्हा आरोप उलटा झाला: गेमने कार्ड मारले. ईव्हीजीएने तपासले तर आपल्याच थोड्या कार्डांवरचे सोल्डरिंग कच्चे निघाले. म्हणजे कार्ड दोषी असू शकते, हे मला मान्यच आहे. मात्र ते दोषी आहे हे कळले तपासणीतून, 'कालच बसवले आणि आजच बंद पडले' या पंचनाम्यातून नव्हे.

मशीन स्वतः दाखवते त्या संदेशावर तरी किती विसंबावे, याचे सर्वांत बोलके उदाहरण २०२४ चे आहे. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे वरच्या दर्जाचे प्रोसेसर असलेल्या मशीनवर अनरिअल इंजिनवर बनलेले गेम सुरू होतानाच कोसळू लागले. स्क्रीनवर स्वच्छ शब्दांत लिहून यायचे की व्हिडिओ मेमरी संपली. चोवीस-चोवीस जीबी मेमरी असलेल्या कार्डांवरही तोच संदेश. हा संदेश वाचून कोणीही काय करेल? कार्डाकडे बोट दाखवेल; आणि लोकांनी तेच केले. ड्रायव्हर बदलले, कार्डे बदलली, विंडोज पुन्हा टाकली. प्रत्यक्षात गेम सुरू होताना कार्डासाठीचे आवळून ठेवलेले प्रोग्रॅम उलगडण्याचे काम प्रोसेसर करतो. तो हिशेबात चुकत होता आणि त्याच्या चुकीची पावती कार्डाच्या नावाने फाडली जात होती. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये एनव्हिडियानेही असे क्रॅश होत असतील तर इंटेलकडे जा, असे सांगितले. जुलैमध्ये इंटेलने कबूल केले की प्रोसेसरच्या मायक्रोकोडमधल्या चुकीमुळे तो गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. ऑगस्टमध्ये दुरुस्ती आली, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली. पण त्या व्होल्टेजने जे प्रोसेसर आधीच झिजले होते, ते दुरुस्तीने बरे होणार नव्हते. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी असा प्रकार काही महिने चालला, तोही ज्यांना या यंत्रांतले खूप कळते अशा लोकांच्या हातून. इथे दोषी एसएमपीएस नव्हता, प्रोसेसर होता, असे कोणी म्हणेल. अगदी बरोबर. माझा आग्रह एसएमपीएसलाच फाशी द्यावी असा नाही. जिथे भार सर्वांत जास्त वाढला तिथून तपास सुरू करावा आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी, असा आहे. मोठे कार्ड लावले की पहिला वाढतो तो विजेचा भार. त्याच्या मागोमाग प्रोसेसर येतो, कारण कार्ड जलद झाले की जुना प्रोसेसरही पूर्वीपेक्षा जोरात पळू लागतो.

दुकानदाराची बाजूही आहे. तो म्हणेल, गिऱ्हाईक मशीन घेऊन आले आहे, रांग लागली आहे, मी इव्हेंट व्ह्यूअर वाचत बसू की फॉरमॅट मारून मोकळा होऊ? त्याचे गणित त्याच्यापुरते चूक नाही. फॉरमॅटला हमखास पैसे मिळतात आणि गिऱ्हाइकालाही काहीतरी केल्यासारखे वाटते. पण विजेवरचा संशय तपासायला ना सुटा एसएमपीएस लागतो, ना पैसा. आफ्टरबर्नरसारख्या फुकट प्रोग्रॅममध्ये पॉवर लिमिटची एक पट्टी असते. ती शंभरावरून सत्तरावर ओढायची आणि तोच गेम तेवढाच वेळ चालवायचा. दर दहा मिनिटांनी कोसळणारे मशीन दोन तास टिकले, तर भार हेच कारण असण्याची शक्यता बळावते. या चाचणीत एक खोट आहे, ती लपवण्यात अर्थ नाही: वीज कमी मिळाली की कार्डाचा वेगही उतरतो, त्यामुळे कार्डातलाच एखादा कच्चा दुवाही तेवढ्यापुरता गप्प बसू शकतो. तेव्हा पुढची पायरी म्हणजे हेच कार्ड मित्राच्या दणकट एसएमपीएसवर चालवून पाहणे. तिथेही पडले, तर वॉरंटीचा कागद काढावा. त्याआधी वायरीही पाहून घ्याव्यात. आठ पिनांच्या दोन जोडण्या मागणाऱ्या कार्डाला एकाच वायरीची दोन तोंडे लावलेली असतात, तिथे एसएमपीएसमधून दोन स्वतंत्र वायरी आणाव्यात. सोळा पिनांची नवी जोडणी पूर्ण आत बसली आहे का, तेही बघावे. २०२२ मध्ये ४०९० च्या जोडण्या वितळल्या तेव्हा एनव्हिडियाने अर्धवट खुपसलेले प्लग हे वारंवार आढळणारे कारण म्हणून सांगितले होते. दोष गिऱ्हाइकाच्या अंगठ्यावर ढकलून कंपन्या सुटल्या असे मला तेव्हाही वाटले नाही. पुढे जोडणीचीच रचना बदलून, ती पूर्ण बसल्याशिवाय कार्डाने वीज ओढू नये अशी सोय करावी लागली, ती काही अंगठा सुधारला म्हणून नव्हे.

शेवटचा आक्षेप पैशाचा. कार्डासाठी कशीबशी रक्कम जमवलेली असताना नव्या एसएमपीएसचे पैसे आणायचे कुठून? हा प्रश्न रास्त आहे, विशेषतः कंपन्यांनी काढून टाकलेले ऑफिसचे मशीन स्वस्तात घेऊन त्यात सेकंडहँड कार्ड टाकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी. तशा मशीनमधला एसएमपीएस बहुधा छोटा असतो आणि पुष्कळदा त्याची जोडणीही त्या कंपनीपुरती वेगळी असते, म्हणजे दुकानातला दुसरा आणून बसत नाही. पण म्हणूनच हा खर्च आधी कळला पाहिजे. तीन हजारांनी स्वस्त असलेले खालचे कार्ड आणि बरा एसएमपीएस, हा पर्याय पैसे खिशात असतानाच उपयोगाचा असतो. कार्ड घरी आल्यावर तो संपतो. कंपन्या आपल्या पानांवर किमान एसएमपीएसचा आकडा देतात, १७० वॅटच्या कार्डासाठी ५५०. ही उदारता उगीच नाही. समोरच्याच्या लेबलावर भरवसा ठेवता येत नाही म्हणून आकडा फुगवून सांगायचा, आणि लेबल छापणाऱ्याने आपला आकडा आणखी फुगवायचा, असा हा खेळ आहे. त्याऐवजी कार्डाच्या खोक्यावर 'बारा व्होल्टला इतके अँपिअर हवेत' असे मोठ्या अक्षरात छापले, आणि एसएमपीएसच्या खोक्यावर एकूण वॅटऐवजी तोच आकडा पुढे आणला, तर भाजी घ्यायला गेलेला माणूसही दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघू शकेल.

ते होईपर्यंत हे काम दुकानाच्या काउंटरवरच व्हायला हवे. अडचण इतकी बारीक आहे की हसू येते: एसएमपीएसचे ते लेबल बऱ्याच कॅबिनेटमध्ये मागच्या पत्र्याकडे तोंड करून असते, झाकण उघडले तरी वाचता येत नाही. मागचे चार स्क्रू काढायचे, डबा वायरींसकट दोन बोटे बाहेर ओढायचा, मोबाइलने फोटो काढायचा आणि तो दाखवून कार्ड मागायचे. पाच मिनिटांचे काम. ज्या दुकानदाराने हा फोटो बघितल्याशिवाय कार्डाचे बिल फाडले, त्याच्याकडे आठ दिवसांनी मशीन परत आले तर फॉरमॅटचे पैसे त्याने मागू नयेत.